रात्रीचे कुस्ती मैदान आणि कॅननची ८५ मिमी लेन्स

बेळगाव परिसरातील यात्रांमध्ये कुस्त्यांना दुपारी प्रारंभ होत असला, तरी ज्या निकाली कुस्तीसाठी लोक आलेले असतात ती बहुधा दिवे लागल्यावरच लावली जाते, आणि छायाचित्रकाराच्या साहित्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. कॅननची ईएफ ८५ मिमी एफ/१.८ यूएसएम ही १९९२ साली बाजारात आलेली लेन्स मी गेले तीन हंगाम एपीएस-सी सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावून बेळगावातील आनंदवाडीच्या आखाड्यात, खेड्यांतील मैदानांत आणि रात्रीच्या कबड्डी सामन्यांत वापरत आहे.

त्यापूर्वी माझ्याकडे ५५-२५० मिमीची झूम लेन्स होती. दिवसाउजेडी तिच्याबद्दल तक्रार नव्हती. मात्र पूर्ण लांबीवर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आखाड्यावरील दिव्यांत आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटरचा वेग सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत उतरत असे, आणि तेवढ्या अवधीत घिस्सा हा डाव मारणाऱ्या पैलवानाचा हात म्हणजे नुसता तांबूस फराटा उरे. ८५ मिमी लेन्स एफ/२ वर ठेवली की त्याच दिव्यांत आठपट प्रकाश मिळतो, म्हणजेच साठाव्या भागाऐवजी जवळजवळ पाचशेव्या भागाचा वेग वापरता येतो. ढाक हा डाव लागताना वरच्या पैलवानाचे पाय मातीपासून सुटलेले आणि खालच्याची मान वळलेली, दोन्ही स्पष्ट मिळू लागले ते या एका फरकामुळे. स्थानिक सामन्यांत आपल्याला खेळाडूंच्या जवळ जाऊ दिले जाते, त्यामुळे लांब पल्ल्याची उणीव पायांनी भरून काढता येते. प्रकाशाची उणीव तशी भरून निघत नाही. म्हणूनच पहिली खरेदी म्हणून मी स्वस्त झूमपेक्षा ही लेन्स सुचवीन.

जागा मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. एपीएस-सी सेन्सरवर ही लेन्स १३६ मिमीसारखे दृश्य देते, म्हणजे दहा मीटरांवर आडव्या चौकटीत साधारण अडीच मीटर रुंदी मावते, आणि खडाखडी करणारे, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेत झटणारे, दोन पैलवान तीत नेमके बसतात. जोड झुंजत झुंजत आपल्याच अंगावर आली, तर मात्र कुणाचे तरी पाय कापले जातात. विजयी पैलवानाला खांद्यावर उचलून लोक नाचू लागतात तेव्हा तर ही लेन्स काढून ठेवलेलीच बरी. कबड्डीचे गणित अधिक सोपे आहे: पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब असल्याने अंतिम रेषेच्या थोडे मागे बसल्यास मध्यरेषा सात-आठ मीटरांवर येते, आणि चढाईला येणाऱ्या खेळाडूचा चेहरा समोरून मिळतो. बसायचे, उभे राहायचे नाही, नाहीतर मागून "ओ फोटोवाले, खाली बसा की!" ही आरोळी येतेच, आणि ती रास्तही असते. बेळगावच्या लेले मैदानावरील फुटबॉलसाठी मात्र ही लेन्स उपयोगाची नाही, तेथे खेळाडू फार लांब असतात.

फोकस जलद आणि जवळजवळ नि:शब्द आहे, हलगीच्या कडकडाटात त्या नि:शब्दतेला अर्थ नसला तरी. मोठ्या छिद्रावर चूक मात्र खपत नाही. पाच मीटरांवर एफ/१.८ ठेवल्यास जेमतेम वीतभर खोलीच स्पष्ट राहते; वरच्याची पाठ रेखीव आणि चितपट होणाऱ्याचा चेहरा धूसर, अशी छायाचित्रे मी पुष्कळ काढली आहेत. आता जोड जवळ आली की मी एफ/२.८ वर जातो. घामाने चमकणाऱ्या खांद्यांच्या कडेला पूर्ण उघड्या छिद्रावर उमटणारी जांभळट किनारही त्यामुळे बरीच कमी होते. लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा नाही, परंतु पैलवानाची हालचाल त्या यंत्रणेने थांबत नसल्यामुळे या कामात तिची उणीव भासली नाही.

वेगवान शटरमुळे एक नवीच अडचण उद्भवली, आणि सुरुवातीला मी विनाकारण लेन्सवर संशय घेतला. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे पाचशेव्या भागाच्या वेगाने लागोपाठ घेतलेल्या चित्रांपैकी एखादे उजळ, तर पुढचे काळपट पिवळे येते. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असल्यास ती चालू करावी. नसल्यास एका क्षणाची चार-पाच चित्रे घेऊन त्यांतील चांगले निवडावे.

वजन ४२५ ग्रॅम आहे. ७०-२०० मिमी एफ/२.८ च्या दुसऱ्या पिढीतील लेन्सचे वजन सुमारे दीड किलो भरते, आणि चार-पाच तास मांडी घालून बसल्यावर हा फरक मनगटाला कळतो. धूळ-पाण्यापासून बचावाची बांधणी नसल्याने लाल माती उडू लागली की मी लेन्स बदलत नाही, आणि घरी आल्यावर आधी फुंकणीने व मगच कापडाने काच साफ करतो. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचे संरक्षक कडे, वेगळे विकत घ्यावे लागते. ते जरूर घ्यावे, कारण पैलवान एकमेकांच्या अंगावर टाकतात ती मूठभर माती कधी कधी पहिल्या रांगेपर्यंत येते.