व्हॅनचा डायनामो गेला: कार्बन बदलायचे, रिवाइंड घ्यायचा की नवाकोरा?

इंदूरमध्ये घरची व्हॅन म्हणजे बहुतेक ईको, नाहीतर जपून ठेवलेली ऑम्नी. दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं आणि त्याच्या अंगालाच बॅटरी चार्ज करणारा डायनामो. कागदोपत्री त्याला अल्टरनेटर म्हणतात, दुकानात मात्र डायनामो म्हटलं की लगेच कळतं. तो बिघडला की चार वाटा असतात. आपल्याच डायनामोत कार्बन (ब्रश), बेअरिंग किंवा कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) घालायचा; जुना देऊन रिवाइंड, म्हणजे दुकानाने दुरुस्त करून ठेवलेला, आणायचा; बाजारातला नवा घ्यायचा; किंवा कंपनीच्या काउंटरवरून नवा घ्यायचा. आतला कुठला भाग गेलाय ते आधी कळू द्या, किंमत नंतर विचारा.

दुकानात जाण्याआधी मीटर

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यायला हवा. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं एकदम चालू करा. रेस देऊनही आकडा 13 च्या वर जात नसेल तर चार्जिंग अपुरं आहे. 15 च्या वर गेला तर कटआउट गेला. तशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरी उकळेल आणि दिवेही उडतील.

आकडा कमी आला म्हणून लगेच डायनामो उतरवू नका. डायनामो फिरवणारा पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला असेल तरी हेच दिसतं. डायनामोकडून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेचं टोक गंजलं असेल तरीही हेच. इंजिन आणि लाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक डायनामोच्या जाड तारेच्या बोल्टला आणि दुसरं बॅटरीच्या प्लसला लावा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष तारेत, फ्यूजमध्ये किंवा टर्मिनलमध्ये आहे. तसंच डायनामोची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांमध्ये 0.2 पेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करा. हा दोष राहिला तर नवा डायनामो घालूनही बॅटरी उतरतच राहते, आणि दुकानदाराशी भांडण होतं ते वेगळंच.

मीटर एसी व्होल्टवर लावून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायनामोतल्या, एसीचं डीसी करणाऱ्या डायोड प्लेटवर संशय घ्या. रात्री उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत असेल तरी डायोड गळतोय का ते बघा.

एक गोष्ट कोणी कितीही छातीठोकपणे सांगितली तरी करू देऊ नका: चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनामो चालतोय का' बघणं. जुन्या काळच्या साध्या डीसी डायनामोत ते चालून जायचं. आताच्या अल्टरनेटरमध्ये बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि कटआउट, डायोड, प्रसंगी इंजिनचा कॉम्प्युटर जळतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी काहींत चार्जिंग कॉम्प्युटरच ठरवतो, त्यामुळे अशा गाडीत थोडा वेळ 12.8 दिसलं तरी घाबरू नका. लोड टाकल्यावर आकडा वर येतो का ते बघा.

आपलाच डायनामो दुरुस्त करणं

बऱ्याचदा हीच वाट शहाणपणाची, आणि दुकानात ती शेवटी सुचवली जाते. कार्बन म्हणजे ब्रश झिजणं हा वयाप्रमाणे येणारा दोष आहे. चार्जिंग आधी अधूनमधून जातं, खड्ड्यात गाडी आदळली की परत येतं, मग एक दिवस कायमचं जातं. ही लक्षणं असतील तर आधी कार्बन बघा.

मागचं कव्हर काढल्यावर कार्बन होल्डर दिसतो. होल्डरबाहेर कार्बन दोन-तीन मिलिमीटरच उरला असेल तर त्याचं आयुष्य संपलं. नवा कार्बन बसवताना त्याची बारीक वेणीसारखी तार होल्डरला डागावी लागते, आणि घरगुती प्रयोग इथेच फसतो. 25 वॉटची डागणी (सोल्डरिंग आयर्न) तिथे कमी पडते, वेळ लागतो, आणि तेवढ्यात कथील तारेत वर चढतं. तार कडक होते, कार्बन होल्डरमध्ये अडकतो आणि महिन्याभरात पुन्हा चार्जिंग बंद. 60 वॉटची डागणी घ्या, तार चिमट्याने कार्बनच्या बाजूला धरा म्हणजे उष्णता तिथेच शोषली जाईल, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. नंतर बोटाने दाबून बघा: कार्बन आत जाऊन स्प्रिंगने सटकन बाहेर आला पाहिजे. अनेक होल्डरांच्या पाठीला बारीक भोक असतं. बसवताना कार्बन आत दाबून तिथून पिन घाला आणि सगळं जुळलं की पिन ओढून घ्या. नाहीतर स्लिप रिंगच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो त्या कड्याच्या, काठावर कार्बनचा कोपरा तुटतो.

उघडलंच आहे तर बाकीचंही मोजून घ्या. दोन स्लिप रिंगमध्ये साधारण 2 ते 4 ओहम यावेत, रिंग आणि शाफ्टमध्ये मीटरने कसलाच जोड दाखवू नये. दाखवला तर रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, अर्थ झालाय. स्टेटरची, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाची, वायंडिंग काळी पडून जळका वास येत असेल तर मीटरचीही गरज नाही. रिंगवर खोल चर पडली असेल तर नवे कार्बनही झटपट झिजतात. नुसती काळी असेल तर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, तोच सांगून आणा. अंदाजाने आणू नका: 6203 आणि 6303 दोन्हींचं भोक 17 मिमीच, पण बाहेरचा व्यास एकाचा 40 आणि दुसऱ्याचा 47. डायनामो इंजिनच्या दोन-अडीच पट वेगाने फिरतो, तेव्हा नावाजलेल्या कंपनीचंच बेअरिंग घ्या. बसवताना हाउसिंगमध्ये ठोकायचं असेल तर जोर बाहेरच्या रिंगवर द्या, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. उलट केलंत तर गोळ्यांच्या वाटेवर खुणा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. पुलर नसेल तर एवढंच काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

कार्बन, कटआउट आणि बेअरिंग एवढंच असेल तर दुरुस्ती. रोटर, स्टेटर आणि डायोड प्लेट यांपैकी दोन गोष्टी गेल्या असतील तर दुरुस्तीचा हट्ट सोडा. एकूण खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तरीही.

रिवाइंड केलेला, जुना देऊन

छोट्या ग्वालटोलीकडे किंवा सियागंजला चौकशी करत फिरलात तर काउंटरवर चकचकीत रंगवलेला डायनामो समोर येतो आणि 'भिया, एकदम ओके माल है' ऐकू येतं. चांगला रिवाइंड नक्कीच मिळतो, पण रंगावरून तो ओळखता येत नाही. अनेकदा नुसते कार्बन बदलून बाहेरून रंग मारलेला असतो, बेअरिंग जुनीच. पुली हाताने फिरवा: खरखर किंवा शाफ्टला हेलकावा नको. जाड तारेचा स्टड हलायला नको. टेस्ट बेंचवर लोडसकट किती अँपिअर देतो ते समोर दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर तिथून निघा.

आपला जुना ताबडतोब हातात देऊ नका. त्याच्या स्टिकरवरचे अँपिअर, पुलीवरच्या खाचा, कपलरच्या (तारांच्या प्लगच्या) पिना आणि बोल्टच्या कानांमधलं अंतर जुळवून घ्या. 75 अँपिअरच्या जागी 55 चा बसतोही आणि आठवडाभर चालतोही. पावसाळ्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात रात्र झाली, हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसी आणि फ्युएल पंप एकदम चालू असले की मग तो कमी पडतो. 60 वॉटच्या दोन हाय बीमच सुमारे साडेआठ अँपिअर खातात.

गाडी रोजच्या भाड्याची असेल आणि दुपारपर्यंत रस्त्यावर हवीच असेल तर रिवाइंड ठीक. घरची गाडी, हातात दोन दिवस असतील, तर आम्ही ही वाट सुचवणार नाही.

नवा: बाजारातला की कंपनीचा

लुकास टीव्हीएससारखी कंपनी वाहन कारखान्यांनाही डायनामो पुरवते आणि बाजारातही विकते. तुमच्या जुन्यावर ज्या उत्पादकाचं नाव आहे त्याचाच बाजारातला डबा मिळाला तर तो घ्यावा. गाडीच्या कंपनीचं नाव छापलेल्या डब्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. नाव नसलेला स्वस्त 'नवा' मात्र रिवाइंडपेक्षाही वाईट, कारण त्याचे सुटे भाग पुढे मिळत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल किंवा चार्जिंग कॉम्प्युटरच्या ताब्यात असेल तर मुकाट्याने कंपनीच्या काउंटरवर जा.

जुन्या डिझेल गाड्यांत एक वेगळी भानगड असते: अनेकांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप डायनामोच्याच पाठीला बसवलेला असतो. तिथे पंपासकट घ्यावा लागतो, ऑइल पाइपचे वॉशर नवे लागतात, आणि गाडी हलवण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल दाबून पाहावं लागतं. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने घरी करू नये.

घरी बसवताना

पेट्रोल किंवा सीएनजी ईकोवर सवय नसलेल्याला अर्धा दिवस लागतो. इंजिन सीटखाली असल्याने ते निवायला तासभर द्या. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. सगळ्यात आधी बॅटरीचा मायनस काढा. तो राहिला तर जाड तारेला लागलेला पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतात, कारण ती तार थेट बॅटरीची असते.

सीट उचलून टॉर्च मारा आणि कुठला बोल्ट वरून निघेल, कुठला खालून, ते ठरवा. खाली शिरायचं असेल तर सपाट फरशी, चाकांना अडण आणि दोन घोड्या (जॅक स्टँड) हव्यातच. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली जाऊ नका. पट्टा कसा फिरतो त्याचा फोटो काढा, ताण ढिला करा, कपलरची कडी दाबून तो काढा, मग जाड तार, मग बोल्ट.

नवा जागेवर जाता जात नाही, ही तक्रार हमखास येते. त्याच्या कानात एक सरकती बुशी असते. ब्रॅकेट घट्ट पकडावा म्हणून बोल्ट तिला आत ओढतो. ती मागे हलकेच ठोकून दोन मिलिमीटर सरकवली की डायनामो सहज बसतो. इथे टॉमी (लोखंडी दांडा) लावून जोर केला तर ॲल्युमिनियमचा कान तडकतो आणि नवा डायनामो वाया जातो. जाड तारेचा नट घट्ट हवा, पण जीव काढून आवळू नका, खालचं इन्सुलेशन फुटतं. पट्ट्याचा ताण गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवा. जास्त ताणलात तर पुढचं बेअरिंग जातं.

उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर लावा. ती भरण्याचं काम नव्या डायनामोवर टाकलं तर तो पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने तासन्‌तास तापतो. शेवटी मायनस जोडा, इंजिन चालू करा आणि सुरुवातीच्याच सगळ्या चाचण्या पुन्हा करून आकडे बिलाच्या मागे लिहून ठेवा. पट्टा नवा घातला असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघा.