जुन्या गाडीत जादा मीटर बसवायचे, पण कुठे?

जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर बहुतेकदा स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा आणि दोन-तीन रंगीत दिवे, एवढाच संसार असतो. 1959 साली आलेल्या मूळ मिनीत तर डॅशच्या मधोमध एकच गोल तबकडी होती आणि पेट्रोलचा काटाही तिच्यातच. अशा गाडीत इंजिनच्या पोटात काय चाललंय ते कळायला लाल दिव्याशिवाय मार्ग नाही, आणि तो दिवा पेटतो तेव्हा ऑइलचं प्रेशर जवळपास संपलेलं असतं. म्हणून मग ऑइल प्रेशर, टेंपरेचर, चार्जिंग कळायला व्होल्टमीटर आणि हौस असेल तर टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फिरतंय ते दाखवणारा मीटर, घ्यायचं ठरतं. मीटर निवडणं सोपं असतं. 52 मिलिमीटरच्या तीन तबकड्या हातात घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की खरा घोळ सुरू होतो.

बहुतेक जण तिन्ही मीटर एका ओळीत, एकाच पट्टीवर बसवायचं ठरवूनच सुरुवात करतात, कारण ते दिसायला छान असतं. माझं मत वेगळं आहे. ऑइल प्रेशर अचानक गेलं तर बेअरिंगची वाट लागायला फारसा वेळ लागत नाही, वेगात असाल तर सेकंदांचा मामला. पाणी तापतं तेव्हा काटा हळूहळू चढतो, हातात काही मिनिटं असतात. चार्जिंग बंद पडलं तर दिवसाउजेडी, हेडलाइट बंद ठेवून गाडी बराच वेळ बॅटरीवर निघते. या तिघांना सारखा मान देण्याचं काही कारण नाही. ताशी 60 किलोमीटरने जाताना नजर एक सेकंद रस्त्यावरून हटली की गाडी जवळजवळ 17 मीटर पुढे गेलेली असते. तेव्हा ज्या मीटरकडे वारंवार बघावं लागेल तो नजरेच्या टप्प्यात हवा, बाकीचे गुडघ्यापाशी असले तरी बिघडत नाही.

दुसरी कसोटी अर्थातच भोकाची. उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर काय काय भरून काढावं लागेल?

डॅशखालची पट्टी

हा सगळ्यांत जुना, सोपा आणि म्हणूनच सगळ्यांत लोकप्रिय मार्ग. तीन भोकांची पत्र्याची पट्टी, डॅशच्या खालच्या कडेला दोन स्क्रू, काम संपलं. नंतर काढली तर दोन बारीक भोकं उरतात आणि तीही खालच्या बाजूला. वायरिंगला हात सहज पोचतो, हा फायदा कमी लेखू नका. जुन्या गाडीत मीटरमागे पुन्हा पुन्हा हात घालायची वेळ येतेच.

तोटा नजरेचा. पट्टी इतकी खाली असते की काटा वाचायला मान वाकवावी लागते, आणि वरून तिरपं बघितल्यामुळे काटा आहे त्यापेक्षा थोडा सरकलेला दिसतो. पट्टी वरच्या बाजूला थोडी कलती करून बसवली तर हा दोष बराच कमी होतो. त्यासाठी पट्टी आणि डॅश यांच्यामध्ये मागच्या बाजूला वॉशर घालून बघा. बसवण्याआधी पहिला आणि तिसरा गिअर टाकून बघा, चोक पूर्ण ओढून बघा, हीटरची खटकी फिरवा. उंच माणसाचा गुडघा क्लच दाबताना कुठे येतो तेही पाहा. अपघातात गुडघा पत्र्याच्या धारदार कडेवर आपटला तर काय होईल, हा विचार करून कडा दुमडलेलीच पट्टी घ्या.

व्होल्टमीटर आणि टेंपरेचरसाठी ही जागा मला पूर्ण मान्य आहे. ऑइल प्रेशरसाठी नाही, म्हणजे सोबत लाल दिवा नसेल तर नाही.

स्टीअरिंग कॉलम

फोर्डने मस्टँगच्या पहिल्या पिढीत, 1966 पर्यंत, रॅली-पॅक नावाची जोडी दिली होती: टॅकोमीटर आणि घड्याळ, दोन्ही कॉलमवर, म्हणजे स्टीअरिंगच्या चाकामागच्या दांड्याच्या आवरणावर स्वार. म्हणजे ही कल्पना गॅरेजमधल्या जुगाडाची नाही, कारखान्यातूनच आलेली आहे. कॉलमवर मीटर डोळ्यांच्या सर्वांत जवळ येतो. शिवाय तो गोल क्लॅम्पने बसतो, एकही भोक पडत नाही, आणि क्लॅम्पखाली रबराची पट्टी घातली की रंगही शाबूत राहतो.

क्लॅम्पऐवजी कॉलमला ड्रिल लावण्याच्या फंदात मात्र पडू नका. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गाड्यांत टक्कर झाल्यावर आत दबणारे कॉलम आले. त्यांत स्क्रू घुसवणं म्हणजे सुरक्षेशी खेळ.

इथे अडचण एकच, पण ती गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. 52 मिलिमीटरची पुठ्ठ्याची चकती कापा, चिकटपट्टीने कॉलमवर लावा, सीट तुमच्या नेहमीच्या जागी आणा आणि चाक सरळ ठेवून बघा. जुन्या गाड्यांची स्टीअरिंग मोठी आणि पातळ कड्याची असतात, त्यामुळे कडं आणि मधला गाभा यांच्यामध्ये भरपूर फट मिळते. चकती त्या फटीत पूर्ण दिसली पाहिजे आणि मूळ स्पीडोमीटरवर तिची सावली पडता कामा नये. 80 मिलिमीटरचा टॅकोमीटर असेल तर हे जमवणं अवघड जातं, तो हमखास कशाच्या तरी आड येतो किंवा कशाला तरी झाकतो.

आणि मुळात टॅकोमीटरला ही राजेशाही जागा द्यायची का? शर्यतीत उतरणार असाल तर जरूर. पण रविवारी फेरफटका मारणाऱ्या गाडीत इंजिन किती फिरतंय ते कानाला कळतं. प्रेशर किती आहे ते कानाला कळतं तेव्हा मेकॅनिकला फोन करायची वेळ झालेली असते. कॉलमवर एकच मीटर मावत असेल तर तो ऑइल प्रेशरचा.

डॅशच्या माथ्यावर आणि ए-पिलरवर

नजरेच्या दृष्टीने उत्तम, बाकी सगळ्या दृष्टींनी कटकट. ऊन थेट तबकडीवर पडतं, दिवसा काच चमकते, रात्री तबकडीच्या दिव्याचं प्रतिबिंब विंडस्क्रीनमध्ये तरंगतं. जुन्या गाडीचा विंडस्क्रीन लहान, त्यात आणखी अडथळा. मऊ आवरणाच्या डॅशला स्क्रू मारला की काही वर्षांत त्या भोकापासूनच तडा सुरू होतो. ए-पिलरवर, म्हणजे विंडस्क्रीनच्या कडेच्या खांबावर, मीटरची प्लास्टिकची कुपी लावणं ही नंतरच्या गाड्यांची फॅशन. सडपातळ पिलरच्या जुन्या गाडीत ती खटकते, आणि वळणावर नेमकी बघायची बाजू झाकते. पॉन्टियाकने 1967 पासून बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर पर्याय म्हणून दिला होता. बघायला झकास, पण उन्हापावसात उघड्यावर असलेल्या काचेमागे ओल धरते. नक्कल करायचीच असेल तर हे ध्यानात ठेवून करा.

डॅशमध्येच भोक

सगळ्यांत देखणा पर्याय हाच, यात वाद नाही. मूळ मीटरच्या शेजारी, त्याच अक्षराची, त्याच रंगाच्या काट्याची तबकडी बसली की गाडी कारखान्यातूनच तशी आली असावी असं वाटतं. पण हा एकेरी रस्ता आहे. पत्र्याच्या डॅशमधलं 52 मिलिमीटरचं भोक बुजवायचं म्हणजे वेल्डिंग, पुट्टी आणि पूर्ण डॅशचा रंग. लाकडी डॅशचं तर नावच नको, व्हिनिअर (वरचा पातळ लाकडी थर) जोडलेलं कधी लपत नाही.

भोक पाडायच्या आधी मागे काय आहे ते टॉर्च लावून बघा. वायपरचा दांडा, हीटरची नळी, ग्लोव्ह बॉक्सची पाठ, यांतलं काहीतरी हमखास आडवं येतं. मीटरची खोली मोजताना नुसता डबा मोजू नका, मागची नळी किंवा वायर वळायला लागणारी जागाही धरा.

यातून एक सुटका आहे आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडते: भोक डॅशला नाही, सुट्या भागाला पाडायचं. ग्लोव्ह बॉक्सचं दुसरं झाकण मिळवा आणि त्यात मीटर बसवा. अॅशट्रे काढून त्या जागी पट्टी बसवा. रेडिओ नको असेल तर त्याच्या खिडकीत तीन भोकांची प्लेट घाला. साधारण 180 बाय 50 मिलिमीटरच्या प्रमाणित खिडकीसाठी अशी प्लेट तयार मिळते. त्याहून जुन्या, दोन खुंट्यांच्या रेडिओची जागा मात्र वेगळ्या आकाराची असते, तिथे प्लेट करूनच घ्यावी लागते. मूळ भाग कापडात गुंडाळून कपाटात ठेवला की दहा वर्षांनी एका संध्याकाळी गाडी परत जशीच्या तशी.

मधली जागा वाईट नाही हे डॅटसन 240झेडने दाखवून दिलंय. तिच्या डॅशच्या मध्यावर तीन मीटर आहेत, पण तिन्ही ड्रायव्हरकडे वळवलेले. सगळी गंमत त्या वळवण्यात आहे. सपाट प्लेटमध्ये बसवलेला मीटर ड्रायव्हरच्या ऐवजी मागच्या सीटच्या मधोमध बसलेल्या माणसाकडे बघत असतो. उलट 1968 आणि 1969च्या कॅमरोत गिअर लिव्हरच्या पुढे कन्सोलवर पायऱ्यांसारखे मीटर होते. फोटोत अप्रतिम, पण चालवताना नजर पार खाली न्यावी लागते.

जागा ठरवण्याआधी मीटरची पाठ बघा

कागदावर निवडलेली जागा बरेचदा इथे कोसळते. मेकॅनिकल टेंपरेचर मीटरला एक बंद केशनळी जोडलेली असते, टोकाला बल्ब. ती कापता येत नाही, लांबवता येत नाही, आणि एकदा जोरात दुमडली तर मीटर फेकायचा. मग इंजिनपासून जेवढी नळी, तेवढीच मीटरची धाव. जास्तीची नळी मोठ्या वेटोळ्यात बांधून ठेवायची. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, बल्ब आणि त्याचा नट जाईल एवढं भोक लागतं, ते चिरलेल्या रबरी ग्रोमेटने बुजवायचं.

मेकॅनिकल ऑइल प्रेशर मीटर म्हणजे गरम ऑइल, तेही प्रेशरखाली, केबिनमध्ये आणणं. तांब्याची नळी कंपनांनी कडक होऊन चिरते, नायलॉनची एक्झॉस्टजवळ वितळते. असा मीटर डॅशखाली असेल आणि जोड सुटला तर ऑइल थेट पायांवर. ही नळी आत आणायचीच असेल तर जाळीदार होज वापरा, नाहीतर सरळ इलेक्ट्रिक सेंडर लावा, म्हणजे इंजिनवर बसून प्रेशरचा इशारा वायरने मीटरकडे पाठवणारा भाग. त्यात तुम्हाला जागेचं स्वातंत्र्यही मिळतं, कारण वायर हवी तितकी लांब नेता येते.

अँमीटर, म्हणजे करंट मोजणारा मीटर, लांब बसवायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या. स्टार्टर वगळता गाडीचा सगळा करंट त्यातून जातो, म्हणजे जाड वायर डॅशपर्यंत आणि परत. एक जोड ढिला झाला की धूर. व्होल्टमीटरला बारीक वायर आणि एक फ्यूज पुरतो. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास काटा असला की चार्जिंग ठीक आहे. आणि रंगवलेल्या पट्टीवर किंवा लाकडात बसवलेल्या इलेक्ट्रिक मीटरला अर्थची वेगळी वायर द्यायला विसरू नका, काटा उगाच नाचण्याचं ते नेहमीचं कारण.

मग नेमकं काय करायचं?

गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर ग्लोव्ह बॉक्सचं सुटं झाकण, त्या दिवशी मूळ झाकण परत लावलं की काहीच दिसत नाही. फक्त ऑइलचा लाल दिवा डोळ्यांसमोर राहू द्या. त्यासाठी इंजिनवर टी-जोड लावून मूळ स्विच आणि नवा सेंडर दोन्ही बसवायचे. शक्य असेल तर 20 पीएसआय (प्रेशरचं एकक) ला पेटणारा स्विच घ्या, म्हणजे दिवा उशिरा जागा होणार नाही. गाडी रोज चालवत असाल तर ऑइल प्रेशर कॉलमवर, उरलेले दोन डॅशखाली. डॅश आधीच कोणीतरी फाडून ठेवलेला असेल, जे जुन्या गाडीत बरेचदा असतं, तर संकोच सोडा आणि तीच भोकं नीट गोल करून वापरा.

जागा कोणतीही असो, मागचा क्लॅम्प आवळण्याआधी इंजिन गरम करून एक चक्कर मारून या. मग प्रत्येक मीटर त्याच्या भोकात असा फिरवा की नेहमीच्या स्थितीत काटा सरळ वर उभा राहील. आकडे तिरके दिसतील, पाहुणे विचारतील. पण तिन्ही काटे उभे आहेत की नाही हे आकडा न वाचता कळतं, आणि एक जरी कलला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून खुपतं. शर्यतीच्या गाड्यांत हे फार पूर्वीपासून करतात.