आमच्या बांधकाम फर्मच्या मार्केटिंगचे अकरा महिने: एजन्सी, नकाशावरचं प्रोफाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप

कुडाळात एकाच जिन्यावर आमच्या दोन पाट्या आहेत. मी सिव्हिल इंजिनिअर, माझी कंत्राटी फर्म. धाकटी बहीण आर्किटेक्ट, तिची प्रॅक्टिस वेगळी. कामं मालवण, वेंगुर्ला, देवगड पट्ट्यातली. बहुतेक चाकरमान्यांची घरं, अधूनमधून एखादा होमस्टे. बाबांच्या वेळी मार्केटिंग म्हणजे गणपतीला नायतर शिमग्याला गावी आलेल्या माणसाला चालू साइट दाखवायची आणि वर चहा पाजायचा. गेल्या गणपतीनंतर मी ठरवलं की आता हे रीतसर करायचं.

रीतसर म्हणजे बाहेरगावची एक एजन्सी. सहा महिन्यांचं पॅकेज, महिन्याला वीस हजार, जाहिरातीचा खर्च वेगळा. मुलं हुशार होती, बोलायला गोड होती, पण त्यांनी पाऊस पाहिलेला नव्हता. पहिल्या पोस्टवर पांढराशुभ्र सपाट छताचा बंगला, खिडक्यांवर छज्जा नाही, पागोळी पडायला जागा नाही, आणि अंगणात नारळाऐवजी बाटली पाम. खाली पहिलीच कमेंट आली: ‘ह्या घरात छत्री घेवन रव्हाचा लागतला काय?’ मी ती डिलीट केली नाही. बरोबरच होती.

चौकशांचा मात्र पूर आला. पहिल्या महिन्यात एक्सेलमध्ये 61 नावं. फोन लावत गेलो तर निम्म्याहून जास्त लोक ‘कसला फॉर्म?’ विचारत होते. फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरून येतो, त्यामुळे अंगठा घसरला तरी चौकशी पडते. पाठवण्याआधी एकदा तपासायला लावणारा फॉर्मही असतो, तो निवडायला मी तिसऱ्या महिन्यात सांगितलं आणि दोन प्रश्न घातले: जागा कुणाच्या नावावर आहे, आणि कुठल्या तालुक्यात? आकडा महिन्याला नऊवर आला. एजन्सीला ते अपयश वाटलं. मला पहिल्यांदा बोलण्यासारखी माणसं मिळाली.

खरी पंचाईत पुढे झाली. एजन्सीने बहिणीचा फोटो लावून ‘कोकणातील आघाडीच्या आर्किटेक्ट’ अशी जाहिरात बनवली. ती नुसती भडकली. आर्किटेक्टचा कायदा 1972 चा, त्याखालचे आचरणाचे नियम 1989 चे, आणि त्यांत आर्किटेक्टला स्वतःच्या सेवेची जाहिरात करायला मनाई आहे. ऑफिसबाहेर आणि आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येतं, पण अक्षर 10 सेंटीमीटरपेक्षा उंच नको. केलेल्या कामाचं चित्र-वर्णन नावासकट छापून आलं तर चालतं, त्यासाठी पैसे द्यायचेही नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. कंत्राटदाराला हा नियम नाही. तेव्हापासून जाहिरात फक्त माझ्या फर्मच्या नावाने, तिचं नाव कुठेच नाही. त्याच संध्याकाळी तिने टेप घेऊन स्वतःची पाटी मोजली. पेंटरने अक्षरं बारा सेंटीमीटरची काढली होती. पाटी पुन्हा रंगवली, खर्च माझ्याकडून वसूल केला.

दुसरा धक्का थोडक्यात टळला. आमच्या एका ग्राहकाच्या डोक्यात प्लॉटिंग होतं, अजून काही ठरलेलं नव्हतं, आणि एजन्सीचं ‘सी व्ह्यू प्लॉट्स, आजच बुक करा’ पोस्टर तयार. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर सूट आहे, नाहीतर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. स्वतःच्या जागेत स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला यातलं काही नाही, म्हणून माझाही तोवर या नियमांशी संबंध आला नव्हता. पोस्टर पडायच्या आधी थांबवलं. सहा महिने संपल्यावर पॅकेज वाढवलं नाही.

आता फुकटातली गोष्ट. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावर दिसणारी आपल्या धंद्याची नोंद. त्यासाठी खर्च शून्य, फक्त पडताळणीचा व्हिडिओ काढावा लागतो: रस्ता, पाटी, ऑफिसचं कुलूप उघडताना, आतली अवजारं, सगळं एका दमात. माझ्या पहिल्या व्हिडिओत कुलूपच उघडेना, गंजलेलं. सेवा देतो ते भाग वीसपर्यंत टाकता येतात. मी तालुके आणि मोठी गावं टाकली.

फोटोंबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण सगळा फरक तिथे पडला. पूर्ण झालेल्या बंगल्यांचे फोटो लोक बघतात आणि पुढे सरकतात. ज्या फोटोंवर फोन आले ते वेगळेच होते. एक होता गच्चीवर पाणी साठवून ठेवलेल्या चाचणीचा, कडेला वीट उभी करून पाणी किती उतरलं ते दिसेल असा. दुसरा छज्ज्याच्या खालच्या कडेचा. तिथे आम्ही बोटभर रुंदीची खाच ठेवतो, म्हणजे पाण्याचा थेंब खालून घरंगळत भिंतीकडे येत नाही, खाचेशी तुटून खाली पडतो. पावसात जवळून काढलेल्या त्या फोटोत थेंब तुटताना दिसतो. डोंबिवलीच्या एका काकांनी फोन केला, ‘आमच्या गावच्या घराला हे का नाही केलं कुणी?’ त्यांचं काम आता प्लिंथपर्यंत आलंय.

रिव्ह्यूंच्या बाबतीत सूट देऊन, मिठाई वाटून लिहून घेणं नियमात बसत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळतंही. मी फक्त लिंक पाठवतो. एका ग्राहकाने दोनच तारे दिले, काम दोन महिने लांबलं म्हणून. चूक माझी होती, चिऱ्याची ऑर्डर पावसाआधी दिली नव्हती. तसंच उत्तर लिहिलं. नंतर आलेल्या दोघांनी तेच उत्तर वाचून फोन केल्याचं सांगितलं. पाच ताऱ्यांचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला कॅटलॉग मला फारसा उपयोगी पडला नाही. घर काही काजूगर नव्हे, भाव लावून मांडायला. लेबलं मात्र रोज लागतात: ‘कागद बाकी’, ‘एस्टिमेट दिलं’, ‘गणपतीत भेट’. ठरलेलं उत्तर साठवता येतं, त्यात सातबारा, मोजणी नकाशा, बिनशेती आणि सीआरझेडचे (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचे) प्रश्न एकदाच लिहून ठेवलेत. एकच संदेश अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 नंबर बसतात, पण समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच संदेश पोहोचतो.

सगळ्यात जास्त कामं आली ती शुक्रवारच्या व्हिडिओतून. दर शुक्रवारी साइटवरून मालकाला दोन मिनिटांचा व्हिडिओ, आठवड्यात काय झालं तेवढंच. मालक विरारला बसून तो भावबंदांच्या ग्रुपवर टाकतो, तिथून फोन येतात. अकरा महिन्यांत सहा नवी कामं मिळाली. तीन या व्हिडिओंतून, दोन प्रोफाइलवरून, एक जाहिरातीतून. तोटाही सांगतो. एका व्हिडिओत मागे सामाईक वाट दिसली आणि चुलत्यांनी तिचा वाद उकरून काढला. आता मोबाइल फिरवताना हात जरा आखडता.

जुलैत देवगडच्या एक काकी ऑफिसात आल्या. मी टॅबलेट काढला. त्या म्हणाल्या, ‘फोटो बघलंय मोबायलात. आता घर दाखय.’ बाहेर पाऊस कोसळत होता. मालवणची साइट दाखवली. त्या थेट पश्चिमेच्या खोलीत गेल्या, आतून भिंतीला हात लावला, खिडकीखाली, मग कोपऱ्यात, मग परत खिडकीखाली. हात पदराला पुसला नाही, तसाच बघितला. मग दर विचारला.