लहान मुलाला चेहऱ्याला मार लागलाय, भूल गॅसने द्यायची की झटपट इंजेक्शनने?

सेवोफ्लुरेनचा गॅस देत हळूहळू झोपवलं की मूल स्वतःचा श्वास घेत राहतं, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालायला वेळ लागला तरी ऑक्सिजन जात राहतो, हा फार मोठा आधार आहे. पण मोडलेल्या गालावर मास्क घट्ट बसवायचा कसा? दुखतं, मूल मान हलवतं, गॅस बाजूने गळतो, आणि अर्धवट झोपेत रक्त घशात उतरलं की स्वरयंत्र आवळून बसतं.

इंजेक्शनने, म्हणजे झोपवणारं प्रोपोफॉल किंवा केटामाइन आणि लगेच स्नायू सैल करून श्वास थांबवणारं रोक्युरोनियम, साधारण मिनिटभरात नळी घालता येते. ही मुलं रक्त गिळून बसलेली असतात, पोट रिकामं धरायचंच नाही, उलटी फुफ्फुसात जायची भीती असते, तिथे ही पद्धत सरस. पण श्वास थांबवला आणि नळी गेलीच नाही तर? मुलांचा ऑक्सिजनचा खर्च वजनाच्या हिशोबात मोठ्यांच्या जवळपास दुप्पट, साठा कमी, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बघता बघता कोसळतं, म्हणून हल्ली बरेच जण मधे हलक्या दाबाने श्वास देत राहतात.

अशा मुलाचं तोंड बऱ्याचदा नीट उघडत नाही, आणि माझ्या मते खरा निर्णय ते का उघडत नाहीये यावर होतो. नुसतं दुखण्यामुळे असेल तर भूल चढली की उघडतं, मग इंजेक्शन. सीटी स्कॅनमध्ये हाडच अडकलेलं दिसलं तर औषधाने ते सुटणार नाही, तिथे मी श्वास चालू ठेवूनच फायबरऑप्टिकने, म्हणजे कॅमेऱ्याच्या लवचिक दुर्बिणीवरून नळी सरकवत, जाईन. रक्त ओढून घेणारी सक्शन मात्र दोन्ही पद्धतींत दोन हवीत, आणि नळी गेलीच नाही तर गळ्यातून श्वासमार्ग उघडायला ईएनटी सर्जन हात धुऊन तयार.