व्हिएतनामची पहिली ट्रिप: आठ रात्रींत अख्खा देश, की फक्त उत्तर भाग?

मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटी या दोन्ही शहरांना थेट विमानं सुरू झाल्यापासून आमच्या ओळखीत दर सुट्टीच्या आधी कुणी ना कुणी व्हिएतनामची आयटिनरी दाखवायला आणतं. बहुतेक आयटिनरी एकाच साच्यातल्या असतात: हनोई, हा लाँग बे, दा नांग, बा ना हिल्स, होई आन, हो चि मिन्ह सिटी, कू चीचे बोगदे, मेकाँग, आणि जमलंच तर फू क्वोक बेट. एकूण आठ रात्री. सोबत एक प्रश्न: "एवढं होईल ना?"

होतं. टूर कंपन्या वर्षभर तेच करतात. पण आठ रात्रींत दुसऱ्या पद्धतीचीही ट्रिप होते, आणि ती फारसं कुणी सुचवत नाही. म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघू.

पहिला बेत अख्ख्या देशाचा. हनोईत दोन रात्री, हा लाँगच्या क्रूझवर एक, होई आनला तीन, हो चि मिन्ह सिटीत दोन. मुंबईहून हनोईत उतरायचं आणि परत हो चि मिन्ह सिटीतून निघायचं. दुसरा बेत फक्त उत्तरेचा. हनोईत तीन रात्री, निन्ह बिन्हला दोन, क्रूझवर एक, परत हनोईत दोन. जाणं-येणं दोन्ही हनोईतूनच. (पहिल्यातून फू क्वोक आणि मेकाँग मी आधीच काढून टाकलंय. आठ रात्रींत ते कोंबायचंच असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.)

प्रवासात जाणारे दिवस

नकाशावर व्हिएतनाम चिंचोळा दिसतो, त्यामुळे लहान वाटतो. प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण लांबी साधारण 1650 किलोमीटर आहे. हनोई ते सायगाव (म्हणजेच हो चि मिन्ह सिटी) रेल्वेमार्ग 1726 किलोमीटरचा, आणि गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. म्हणजे अख्खा देश करायचा तर देशांतर्गत विमानाला पर्याय नाही. पहिल्या बेतात अशी दोन विमानं आहेत, दुसऱ्यात एकही नाही.

"हनोई ते दा नांग फक्त सव्वा तासाची फ्लाइट" हे वाक्य आयटिनरीत हमखास असतं. तो सव्वा तास उघडून बघा. हनोईच्या जुन्या भागातून नोई बाय विमानतळ पाऊण ते एक तास. विमानाच्या दीड-दोन तास आधी पोहोचायचं. मग सव्वा तासाचं उड्डाण, बॅगा यायला अर्धा तास, आणि दा नांगहून होई आनला गाडीने आणखी पाऊण तास. हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत पावणेपाच ते साडेपाच तास झाले, आणि यात विमान वेळेवर सुटलंय असं धरलंय. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोननंतर, चेक-आउट अकरा-बाराला. म्हणून विमान सकाळचं घ्या नाहीतर दुपारचं, तो दिवस जवळपास गेलाच. असे दोन दिवस, त्यात पोहोचण्याचा आणि परतीचा दिवस मिळवा. नऊपैकी पूर्ण हाताशी राहतात ते पाचच.

पहिल्या बेतातली सगळ्यात कच्ची कडी क्रूझवरून उतरण्याच्या दिवशी येते. हनोई ते हा लाँग एक्सप्रेसवेने सुमारे अडीच तास. बोट दुपारी बाराच्या सुमारास घेते, दुसऱ्या दिवशी अकराच्या आसपास सोडते, आणि हनोईत परत यायला दुपारचे तीन होतात. त्यानंतर संध्याकाळी दा नांगचं विमान धरायचं तर ते सातनंतरचंच हवं. पाचचं स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. यावर एक चांगला तोडगा आहे आणि तो पॅकेजवाले सहसा सांगत नाहीत: हनोईला परत यायचंच नाही. हाय फाँगचा कात बी विमानतळ हा लाँगहून खूप जवळ आहे आणि तिथून दा नांगला विमानं आहेत. अख्खा देश करणार असाल तर आधी ही जोडणी जुळते का ते बघा.

दुसऱ्या बेतात प्रवास आहे, पण तो गाडीचा. हनोई ते निन्ह बिन्ह दोन तास. निन्ह बिन्हहून हा लाँगच्या धक्क्यावर सोडणाऱ्या लिमोझिन व्हॅन मिळतात, साडेतीन-चार तास धरा. बॅग एकदा डिकीत टाकली की वजनकाटा नाही, सात किलोची कटकट नाही.

दिवाळीची सुट्टी

खरं तर हा भाग सगळ्यात आधी लिहायला हवा होता, कारण आपल्याकडच्या निम्म्या ट्रिपा दिवाळीच्या सुट्टीत निघतात.

व्हिएतनामला एकच एक हवामान नाही. उत्तर, मध्य आणि दक्षिण यांचे पावसाळे वेगळे आहेत. आपला पाऊस संपतो तेव्हा मध्य व्हिएतनामचा ऐन भरात येतो. दा नांग, होई आन आणि ह्युए या पट्ट्यात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सर्वाधिक पावसाचे महिने, शिवाय वादळांचे. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या काठावर, अगदी पाण्याच्या पातळीला आहे. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा केलेल्या दिसतात. 2025 मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला, म्हणजे आपली दिवाळी उरकून आठवडा होत नाही तोच, होई आन आणि ह्युए दोन्ही पाण्याखाली गेले होते. दरवर्षी इतकं होत नाही. पण कंदिलांच्या गल्लीत गुडघाभर पाणी आणि बा ना हिल्सच्या त्या दोन हातांवर तोललेल्या सोनेरी पुलावर दाट धुकं, ही शक्यता दिवाळीत चांगलीच मोठी असते. फोटोतलं निळं आकाश फेब्रुवारी ते ऑगस्टमधलं असतं.

त्याच दिवसांत उत्तर मात्र वर्षातल्या सर्वात छान हवेत असते. हनोईत ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कोरडी हवा, सौम्य ऊन, संध्याकाळी पातळ जॅकेट. हा लाँगला वादळाचा मुख्य धोका जुलै ते सप्टेंबर. 2024 च्या सप्टेंबरात यागी वादळाने तिथे बोटींचं प्रचंड नुकसान केलं. दिवाळीपर्यंत हा धोका बराच ओसरलेला असतो, तरी बंदर अधिकाऱ्यांनी मनाई केली तर बोट सुटत नाही, हे कोणत्याही महिन्यात लक्षात ठेवा.

तेव्हा दिवाळीसाठी माझं मत सरळ आहे: उत्तर. सापा या उत्तरेतल्या डोंगरी गावाचा मोह त्यातही आवरा. तिथल्या भाताच्या पायऱ्या सप्टेंबरात पिवळ्या होतात, दिवाळीपर्यंत कापणी झालेली असते. वर हनोईहून पाच-सहा तास जायला आणि तितकेच यायला. सापा घ्यायचंच तर निन्ह बिन्ह पूर्ण सोडा. दोन्ही घेतलं की निवांत बेताचं पुन्हा गाठोडं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत पारडं फिरतं. हनोईत घामाच्या धारा आणि सरी, तर मध्य भाग कोरडा, समुद्र शांत. दक्षिणेत दुपारचा पाऊस सुरू होत असतो, पण तो तास-दोन तासांत आवरतो. तेव्हा अख्खा देश करायला हरकत नाही. फक्त 30 एप्रिल आणि 1 मे टाळा. ती त्यांची राष्ट्रीय सुट्टी, आणि निम्मा देश दा नांगच्या किनाऱ्यावर असतो. नाताळात उत्तर गार आणि ढगाळ, दक्षिण उत्तम. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, तिकिटं महाग. तारीख आधी बघून घ्या.

काय मिळतं, काय हुकतं

उत्तरेचा बेत घेतला तर हुकणाऱ्या गोष्टी किरकोळ नाहीत. होई आन जातं. सायगावचं वॉर रेम्नंट्स म्युझियम जातं, आणि 30 एप्रिल 1975 ला ज्याच्या फाटकातून रणगाडा आत घुसला तो राजवाडाही. युद्धाच्या इतिहासासाठीच व्हिएतनाम बघायचा असेल, तर हनोईचा होआ लो तुरुंग त्याची भरपाई करत नाही.

आणि जातं "मी सोन" नावाचं ठिकाण. होई आनपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगरांच्या कुशीत चंपा राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकादरम्यान बांधलेली विटांची मंदिरं, बहुतेक शंकराची. 1969 च्या अमेरिकी बाँबफेकीत तिथलं सर्वात मोठं शिखर कोसळलं. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काही मंदिरांची डागडुजी केली, आणि 2020 मध्ये त्याच कामात वालुकाश्मातलं अखंड शिवलिंग सापडलं. नवव्या शतकातलं. बा ना हिल्सच्या रोपवेला पूर्ण दिवस देणारे लोक मी सोनला अर्धा दिवसही देत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

उलट बाजूने निन्ह बिन्ह बघा. भातखाचरांतून उभे राहिलेले चुनखडीचे सुळके, आणि त्यांच्यामधून जाणारी संथ नदी. ताम कॉकला वल्हवणाऱ्या बाया पाठ टेकून बसतात आणि चक्क पायांनी वल्ही मारतात, हात मोकळे ठेवून. त्रांग आनच्या फेरीत होडी गुहांमधून जाते, छत इतकं खाली येतं की डोकं वाकवावं लागतं. फेरीला अडीच-तीन तास. हनोईहून डे ट्रिपवर आलेल्यांच्या बस साडेदहा-अकराला थडकतात. तुम्ही मुक्कामाला असलात तर सकाळी साडेसातला होडीत बसू शकता. निन्ह बिन्हच्या दोन रात्री कशासाठी, याचं उत्तर एवढंच आहे.

हनोईलाही घाईत नेमकं हुकणारं बरंच असतं. हो चि मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत गाड्यांना बंद असतात, तेव्हा अख्खं शहर तिथे असतं. दोन रात्रींच्या बेतात हे वार जुळले तर नशीब. तीन-अधिक-दोन रात्री असतील तर जुळवता येतात.

पैसे आणि पोट

क्रूझचा खर्च दोन्हीकडे सारखा, आणि तोच सर्वात मोठा. फरक पडतो देशांतर्गत विमानांमुळे: चौघांच्या कुटुंबाला आठ तिकिटं, आणि स्वस्त कंपन्यांमध्ये चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे. हो चि मिन्ह सिटीतून परतीचं तिकीट मात्र कधीकधी हनोईपेक्षा स्वस्त पडतं, ते तपासा.

रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात. त्यामुळे सगळेच आकडे लाखांत ऐकू येतात. 20,000 ची नोट आणि 5,00,000 ची नोट दोन्ही निळसर, दोन्ही प्लॅस्टिकच्या. एक सत्तर रुपयांच्या आसपास, दुसरी सतराशेच्या. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा, विशेषतः रात्री टॅक्सीतून उतरताना.

शाकाहारींसाठी दोन्ही बेत सारखेच. पाटीवर "चाय" लिहिलेलं दुकान शोधा. तो तिथला बौद्ध पद्धतीचा शाकाहार, त्यात माशांचं सॉसही नसतं. एरवी साध्या भाजीतही ते असू शकतं. आई-वडिलांसाठी हनोई, दा नांग, सायगाव तिन्हीकडे भारतीय हॉटेलं आहेत. निन्ह बिन्हला पर्याय कमी. थेपले घ्या.

आई-वडिलांचाच विषय निघाला म्हणून: सत्तरीच्या पुढचे कुणी बरोबर असतील तर मी डोळे मिटून उत्तर सांगेन. निन्ह बिन्हमधल्या हांग मुआ टेकडीच्या पाचशे पायऱ्या त्यांनी चढायच्या नाहीत, खाली कमळांच्या तळ्याशी बसायचं. पण पहाटे साडेचारला उठून विमानतळ गाठणं दोनदा वाचतं. कॉलेजातली पोरं असतील तर त्यांना अख्खा देश झेपतो. तिशीतल्या जोडप्याने महिना बघून ठरवावं.

बुकिंग कोणत्या क्रमाने

ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये कोणत्या विमानतळावर उतरणार ते आधीच भरावं लागतं. म्हणून आधी बेत, मग तिकीट, मग व्हिसा. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क 25 डॉलर. जास्त मागणारी साइट बहुधा दलालाची असते. सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी "गव्ह डॉट व्हीएन" असतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट.

दिवाळीची तिकिटं आधीच हनोईत उतरून हो चि मिन्ह सिटीतून परत अशी निघाली असतील, तरी सगळं बिघडलेलं नाही. होई आनच्या तीन रात्रींतल्या दोन निन्ह बिन्हला द्या, एक हो चि मिन्ह सिटीला. हनोई ते हो चि मिन्ह सिटी थेट विमान सव्वादोन तासांचं आहे, म्हणजे मधली एक उडीही वाचते. होई आन सोडवतच नसेल तर तिथलं हॉटेल आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असंच घ्या, आणि निघायच्या आठवडाभर आधीपासून दा नांगचा अंदाज रोज बघत राहा.