महिला तुरुंग: आतल्या सोयी कशा आहेत

अकरा महिने आत होते, म्हणून लिहितेय. जेवण ठीक. बराकीत इतकी दाटी की कूस बदलायची तर शेजारणीला उठवावं लागायचं. खरे हाल पॅडचे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत, म्हणजे महिला कैद्यांना कसं वागवावं याच्या नियमांत, पॅड मोफत आणि पाणी नियमित द्यावं, असं स्पष्ट लिहिलंय. आम्हाला मोजून मिळायचे. संपले की चादरीची पट्टी फाडायची.

शिवणाची खोली मात्र मनापासून आवडली. मशीनचं पायडल जड, पण तेवढा वेळ डोकं शांत राहायचं.

आईला मुलांना जवळ घेता यावं, हेही त्याच नियमांत आहे. आमच्या भेटीच्या खोलीत मधे काच होती. लेकीने पलीकडून हात टेकवला. ती गेल्यावरही पाच बोटांचा ठसा तसाच होता.