समुद्रपूर रोडवरचं काकाजींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान

हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला आमच्या विहिरीवरची तीन एचपीची मोटर जळाली. रात्रीची लाइन, त्यात एक फेज गेलेला. हिंगणघाटात रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणारे पुष्कळ आहेत, पण मी समुद्रपूर रोडवरच्या काकाजींकडेच मोटर नेते आणि गावातल्यांनाही तिथेच पाठवते.

काकाजी मोटर तुमच्यासमोर उघडतात. जळालेली तांब्याची तार काट्यावर तोलतात आणि वजन पावतीवर लिहितात. तार हवी तर घेऊन जा, नको तर भंगाराच्या भावानं बिलातून वजा. बाकी दुकानांत ही तार गपचूप तिथेच राहते. नवी तार किती ग्रॅम, बेअरिंग कोणत्या कंपनीचं, मजुरी किती, सगळं वेगवेगळं मांडलेलं असतं. स्वस्तात पडते म्हणून कोणी अॅल्युमिनियमची तार मागितली तर भरून देतात, पण पावतीवर तसं ठळक लिहून. वार्निश पुरतं वाळल्याशिवाय मोटर हातात मिळत नाही. पीक सुकत असताना थांबणं जिवावर येतं, पण त्यांनी भरलेली मोटर टिकते.

पावतीची ही शिस्त गिरणीतली. काकाजी एका सूतगिरणीत मेंटेनन्सचे मेकॅनिक होते आणि युनियनची वर्गणी गोळा करायचे. एका रुपयाचीही पावती फाडायचे. १९२६ च्या कायद्यानं तेव्हा संघटना नोंदवायला सात सह्या पुरत. त्या सातही सह्या त्यांच्या स्वयंपाकघरात झाल्या. पुढे बदली कामगारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरतं काम करणाऱ्यांना, कायम करा म्हणून त्यांनी गेट मीटिंग घेतली आणि ते सस्पेंड झाले. नियमाप्रमाणे पहिले ९० दिवस अर्धा पगार, त्यानंतर चौकशी लांबली तर ७५ टक्के. हे कागदावर. प्रत्यक्ष पैसा हाती यायला कामगार न्यायालयाच्या तारखा कराव्या लागल्या, आणि तोवर घर काकूंनी चालवलं.

काउंटरवर काकूच असतात. मी अंगणवाडी सेविका, आमच्या संपाच्या वेळी त्यांच्याशी बोलणं वाढलं. "हे नागपूरले तारखेवर, मी कापूस वेचाले, अन् पोट्टं शेजारच्याइच्या घरी," असं त्या सांगतात. त्यांची गळ्यातली एकदाणी मोडली, ती काकाजींनी गिरणीच्या संपातल्या दुसऱ्या घरांना ज्वारी पोचवायला. पोरगा आयटीआय अर्धवट टाकून पुण्याकडे कंपनीत कंत्राटी कामाला गेला. दिवाळीला येतो, पण बापाशी मोटरीपलीकडे बोलत नाही. युनियनवाल्याची पोरगी म्हणून मुलीची जमत आलेली सोयरीक मोडली. "गिरणीच्या मागणीपत्रात समद्याइचं होतं," काकू एकदा त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "आमचं घर कोठीच नोतं." काकाजींनी प्रतिवाद केला नाही.

गिरणीत जे बदली कामगार कायम झाले, त्यांच्या भाकरीत काकूंच्या वेचणीच्या मजुरीचा वाटा आहे. सत्कारात काकाजींना शाल-श्रीफळ मिळालं. काकूंचं नाव कोणी घेतलं नाही, हे मला फार लागतं.

४ डिसेंबर २०२३ ला आमचा राज्यभरचा संप सुरू झाला, तेव्हा काकाजींनी आम्हा सेविकांना दुकानातल्या बाकावर बसवून ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, समजावली होती. महिन्याच्या शेवटच्या पगाराला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. १९७२ चा तेव्हाचा कायदा अंगणवाडीलाही लागू होतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकालही त्यांनीच सांगितला. आमच्यातल्या कितीतरी जणींनी हे पहिल्यांदाच ऐकलं. जिनिंगवाले, हमाल, दवाखान्यातल्या सफाईच्या बाया, सगळे कागद घेऊन येतात. सल्ल्याचा पैसा काकाजी घेत नाहीत.

त्यामुळे संध्याकाळी मोटर नेली तर ताटकळत बसावं लागतं. मोटर सकाळीच न्या. कागद असतील तर दुपारी चारनंतर, आणि सातच्या आत. सातनंतर कागद उघडायचा नाही, हा नियम काकूंनी घातला आहे आणि काकाजी तो पाळतात. उधारीची वही काकूंकडेच असते. दुकान त्यांच्या नावावर आहे, फोनपेचे पैसेही त्यांच्याच खात्यात जातात, तेव्हा भावाची घासाघीस करायची तर त्यांच्याशी करा.